पाळी यायच्या आधीच कशाला?

"ताई, तिला अजून पाळीसुद्धा आली नाही. आत्ताच कसली कॅन्सरची लस?" धाकट्या बहिणीचा फोन. भाची अकरा वर्षांची. मुलांच्या डॉक्टरांनी कार्डावर 'एचपीव्ही' लिहून दिलं आणि घरात कुजबुज सुरू झाली. तिच्या सासूबाईंचं म्हणणं, लग्न ठरल्यावर बघू की!

तेव्हाही देता येते, पण तोवर उशीर झालेला असू शकतो. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळपास नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळेच होतो. तो शरीरसंबंधातून पसरतो. बहुतेक बायकांच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्यात मात्र ठाण मांडतो आणि पुढे पंधरा-वीस वर्षांनी गाठ दिसते. लस त्याला दाराबाहेर अडवते, आत शिरलेल्याला हुसकत नाही. म्हणून वय 9 ते 14. शिवाय या वयात प्रतिकारशक्तीही जास्त जोमाने उत्तर देते.

लशीत असतं काय? विषाणूचं नुसतं कवच. एल-1 नावाच्या प्रथिनाचे 360 रेणू आपसूक जुळून पोकळ गोळा बनतो. खोबरं काढलेला नारळच म्हणा ना. आत जनुकं नाहीत, त्यामुळे संसर्ग व्हायचा प्रश्नच नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' याच तत्त्वावर बनते.

"किती डोस?" याचं उत्तर एका अपघाताने दिलं, आणि त्यात आपली बार्शीही आहे. 2009मध्ये देशात काही ठिकाणी दोन डोस विरुद्ध तीन डोस असा अभ्यास सुरू झाला. 2010मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पातल्या काही मुलींचे मृत्यू गाजले आणि सरकारने सगळंच थांबवलं. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पालकांची संमती घेण्यातली हलगर्जी मात्र खरी होती, आणि त्यावरचा लोकांचा राग मला रास्तच वाटतो. पण लसीकरण अर्ध्यावर थांबल्याने बार्शीसकट सगळ्या केंद्रांतल्या मिळून सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. दहा वर्षं त्यांचा पाठपुरावा झाला. एचपीव्हीचे टाईप 16 आणि 18, म्हणजे या कॅन्सरच्या सुमारे 70 टक्के प्रकरणांमागचे दोघे. त्यांच्या चिवट संसर्गापासून एका डोसनेही सुमारे 95 टक्के संरक्षण दिलं होतं! 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 9 ते 20 वयासाठी एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागे हाही पुरावा होता. तरी खासगी दवाखान्यात या वयाला सहसा दोन डोस देतात, सहा महिन्यांच्या अंतराने.

दंड दुखतो, कधी ताप येतो. काही मुलींना सुई टोचल्यावर भोवळ येते, म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात.

"आणि माझं काय?" बहीण अडतीसची. तिला लशीपेक्षा तपासणीची गरज जास्त. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताच्या धाराशिवमध्ये) लाखाहून जास्त बायकांच्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. लस घेतलेल्या मुलींनाही तिशीनंतर ही तपासणी चुकत नाही, कारण लस सगळ्याच प्रकारांना अडवत नाही.

भाचीची शनिवारची वेळ ठरली. स्वतःच्या तपासणीचं विचारलं, तर म्हणाली, "बघू गं, दिवाळी होऊ दे."