नामाटजिराची चित्रं ‘गोऱ्यांची नक्कल’ होती का?

ऑस्ट्रेलियातला आदिवासी चित्रकार अल्बर्ट नामाटजिरा (१९०२–१९५९) याच्याबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: त्याने युरोपीय पद्धतीची गोड निसर्गचित्रं काढली, त्यांत आदिवासी असं काही नाही. खरी आदिवासी कला म्हणजे ठिपके!

आधी ठिपक्यांचं बघू. वाळूवरची, अंगावरची चिन्हं फार जुनी आहेत. पण कॅनव्हासवरच्या ज्या ठिपक्यांच्या चित्रांना आपण ‘प्राचीन’ म्हणतो, त्यांची चळवळ मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या या आदिवासी वस्तीत १९७१च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे नामाटजिराच्या मृत्यूनंतर.

जलरंगाचं तंत्र त्याने रेक्स बॅटरबी या गोऱ्या चित्रकाराकडून १९३६मध्ये घेतलं, हे खरंच आहे. दोनच वर्षांत मेलबर्नच्या प्रदर्शनातली त्याची सगळी चित्रं विकली गेली. पण तंत्र उसनं घेतलं म्हणून विषयही उसना होत नाही. तो पश्चिम अरंटा या आदिवासी समाजाचा, त्यांच्या परंपरेची दीक्षा घेतलेला पुरुष. जांभळे डोंगर, पांढऱ्या खोडाची ‘घोस्ट गम’ झाडं, कोरड्या नद्यांची पात्रं ही सगळी त्याच्या पूर्वजांची भूमी. अरंटांच्या श्रद्धेनुसार पूर्वजांनीच हे डोंगर, या खिंडी घडवल्या. बॅटरबीला जिथे देखावा दिसे, तिथे नामाटजिराला नातं दिसत असणार, असं मला तरी वाटतं.

आणि याच माणसाला चराईसाठी जमिनीचा पट्टा मिळाला नाही, ॲलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधायलाही परवानगी नाकारली गेली. त्याची चित्रं मात्र गोऱ्यांच्या दिवाणखान्यांत टांगलेली होती.