नवोदयचा सहावीचा फॉर्म: पाचवीची शाळा ठरवायच्या आधीच हे वाचून घ्या

मे महिना आला की आमच्याकडे चौथी झालेल्या पोरांच्या घरी एकच विषय, पाचवीला कुठे घालायचं. वाडीवरची शाळा चौथीपर्यंतच, मग कोण म्हणतं बाजारपेठेतल्या हायस्कूलला घालू, एसटी दारात थांबते, कोण म्हणतं मामाकडे ठेवू. आणि जून-जुलैत कुणीतरी ग्रुपवर लिंक टाकतं की नवोदयचे फॉर्म सुटले, मग सगळ्यांची धावपळ. फॉर्म भरणं काही अवघड नाही हो, पण नवोदयचा निम्मा निकाल पाचवीची शाळा निवडतानाच लागलेला असतो आणि हे फॉर्म भरायला बसल्यावर कळतं. म्हणून हे आधी लिहितेय.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, सहावी ते बारावी, सीबीएसई बोर्ड, मुलं-मुली एकत्र. 1986 च्या शैक्षणिक धोरणातली ही कल्पना, आणि देशातल्या पहिल्या दोन नवोदयपैकी एक आपल्या अमरावतीत निघालं होतं, दुसरं हरियाणातल्या झज्जरला. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं मोफत. आपल्या कोकणपट्ट्यात सिंधुदुर्गचं नवोदय सांगेलीला, सावंतवाडी तालुक्यात, रत्नागिरीचं राजापूर तालुक्यात पडव्याला आणि रायगडचं माणगाव तालुक्यात निजामपूरला. एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त 80 मुलं घेतात, तेवढीच. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यातून 80, त्यामुळे चुरस किती ते वेगळं सांगायला नको.

आता पात्रता. मूल त्या वर्षी पाचवीत शिकत असलं पाहिजे, सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेत, आणि ज्या जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करताय त्याच जिल्ह्यात. राहणारंही त्याच जिल्ह्यातलं. म्हणजे कणकवलीचं मूल आत्याकडे राजापूरला शिकत असेल तर सिंधुदुर्गच्या शाळेसाठी चालणार नाही. जन्मतारखेची चौकट दर वर्षी माहितीपत्रकात देतात, 2026-27 च्या प्रवेशासाठी ती 1 मे 2014 ते 31 जुलै 2016 अशी होती, दोन्ही तारखा धरून, आणि ही सगळ्या प्रवर्गांना सारखीच, कुणालाही सूट नाही. त्याच्या आदल्या वर्षी हीच चौकट बरोबर एक वर्ष मागे होती. तरी आपल्या वर्षाचं पत्रक बघूनच ठरवा, शेजारणीने सांगितलं म्हणून नको.

आणि संधी एकदाच. पाचवी पुन्हा करून परत परीक्षेला बसवू, असं काही जण म्हणतात, ते चालत नाही. एकदा पाचवी झालेलं मूल बाद.

आता मुख्य मुद्दा, ग्रामीण की शहरी. निदान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात, उरलेल्या जागांवर शहरी आणि ग्रामीण दोघांची गुणवत्तेवर निवड. ग्रामीण कोण, तर ज्याने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत काढली तो. घर कुठे आहे हे नाही बघत, शाळा कुठे आहे हे बघतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी मूल शहरी शाळेच्या पटावर असलं तरी ते शहरी धरलं जातं. एक दिवस! नियमात तसंच लिहिलंय.

आणि इथेच आपल्याकडे घोळ होतो. रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी इथे नगरपालिका आहे हे सगळ्यांना ठाऊक. पण लांजा, देवरुख, दापोली, गुहागर, मंडणगड, आणि खाली कुडाळ, कणकवली, देवगड-जामसंडे, वैभववाडी, दोडामार्ग इथे नगरपंचायत आहे, ग्रामपंचायत नाही, हे डोक्यातच येत नाही. "कुडाळ खंयचा शहर?" असं म्हणून लोक सरळ ग्रामीणवर टिक करून मोकळे होतात. आता बघा, चौथीपर्यंत मूल वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत, शंभर टक्के ग्रामीण, आणि पाचवीला घातलं नगरपंचायतीच्या हद्दीतल्या हायस्कूलला. झालं, ग्रामीणचा हक्क गेला. घर अजूनही खेड्यात, रोज पऱ्ह्या म्हणजे ओढा ओलांडून एसटीने येतंय बिचारं, तरी कागदावर शहरी. नोंदणीच्या तारखेला सरकारी अधिसूचनेप्रमाणे जो भाग शहरी तो शहरी आणि बाकी सगळा ग्रामीण, असा नियम आहे, म्हणून शाळा हद्दीच्या आत की बाहेर हे मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारा. हद्दीवरची शाळा असेल तर नवोदय विद्यालयातच विचारून घ्या, फॉर्ममध्ये अंदाजाने भरू नका.

मुंबईहून परत आलेल्या चाकरमान्यांच्या मुलांचंही तेच. तिसरी मुंबईत झाली आणि चौथीला गावी आणलं, तर मूल शहरी. अर्ज करता येतो, कुणी अडवत नाही, पण स्पर्धा त्या उरलेल्या जागांसाठी.

माझं मत विचाराल तर, नवोदयचा खरंच विचार असेल आणि ग्रामपंचायत हद्दीत पाचवीची सोय असेल तर एक वर्ष तिथेच काढा. जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळा बऱ्याच ठिकाणी आहेत. बाजारपेठेतलं हायस्कूल सहावीला पण मिळतं की, ते कुठे पळून जातंय. पण नवोदय मिळेलच असं धरून मुलाला गैरसोयीच्या शाळेत टाकायचं का, हा विचार ज्याचा त्याने करावा.

फॉर्म कसा भरायचा

फॉर्म ऑनलाईनच, नवोदय विद्यालय समितीच्या साईटवर, आणि फुकट. फी शून्य. सायबर कॅफेवाला किंवा सेतूवाला त्याच्या मेहनतीचे पैसे घेईल ते वेगळं, पण "नवोदयची फी" म्हणून कुणी मागितली तर देऊ नका. 2026-27 साठी फॉर्म जूनमध्ये सुरू झाले होते, मुदत वाढत वाढत ऑगस्टपर्यंत गेली आणि परीक्षा 13 डिसेंबर 2025 ला झाली. त्याच्या आदल्या वर्षी परीक्षा 18 जानेवारीला होती. म्हणजे तारखा हलतात, पण फॉर्मचा मोसम आपल्या ऐन पावसाचा. लाईट नाही, नेट नाही, आणि नंतर गणपतीची गडबड. मुदतवाढ मिळते या भरवशावर राहू नका.

बसायच्या आधी चार गोष्टी मोबाईलमध्ये किंवा पेनड्राईव्हवर तयार हव्यात: मुलाचा फोटो, मुलाची सही, पालकांची सही आणि मुख्याध्यापकांनी सही-शिक्का केलेलं प्रमाणपत्र. सगळं जेपीजीमध्ये आणि 10 ते 100 केबीच्या आत. मोबाईलने काढलेला फोटो कितीतरी एमबीचा असतो, तो छोटा करून घ्यावा लागतो, आणि छोटा करताना शिक्का वाचता येईनासा होतो, म्हणून प्रमाणपत्राचा फोटो उजेडात, कागद सरळ ठेवून काढा.

या प्रमाणपत्राचा नमुना साईटवरूनच उतरवून घ्यायचा, शाळेचं नेहमीचं बोनाफाईड चालत नाही. त्यात तिसरी, चौथी, पाचवी कुठल्या शाळेत, कुठल्या गावात, कधीपासून कधीपर्यंत हे भरायचं असतं. चौथीपर्यंत एक शाळा आणि पाचवीला दुसरी असेल तर पाचवीच्या सरांना आधीच्या तारखा कशा माहीत असणार, त्या जुन्या शाळेच्या दाखल्यावरून घ्याव्या लागतात. त्यामुळे दाखल्याची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवत जा, मूळ दाखला शाळेत जमा झाला की मग हात चोळत बसायला होतं.

आधार असेल तर ते पालकांच्या चालू मोबाईलला जोडलेलं पाहिजे, ओटीपी त्यावरच येतो. काही घरांत आधारवर अजून बाबांचा मुंबईतला बंद पडलेला नंबर, आणि पत्ता विरार किंवा दिव्याचा. पत्ता जिल्ह्याबाहेरचा असेल तर रहिवासाचा प्रश्न येणारच, तेव्हा तो आधीच दुरुस्त करून घ्या. आधार नसेल तर सरकारी अधिकाऱ्याने दिलेला पालकांचा रहिवासी दाखला लागतो.

नाव आणि जन्मतारीख तीन ठिकाणी ताडून बघा, जन्मदाखला, शाळेचं जनरल रजिस्टर, आधार. बाळंतपण माहेरी झालेलं असतं, मग जन्माची नोंद आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत किंवा तिथल्या हॉस्पिटलच्या हद्दीत, आणि तिथे बाळाचं नाव कधी घातलेलंच नसतं, नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी". ते नाव घालून घ्यायला चक्कर मारावी लागते. ते काम मे महिन्यात करा, डिसेंबरात नाही.

परीक्षेचं माध्यम मराठी निवडायचं असेल तर मराठीच निवडलंय ना ते दोनदा बघा. मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस देतात, पण त्यात मुलगा-मुलगी, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांग आणि माध्यम एवढंच बदलता येतं. जन्मतारीख चुकली तर चुकली.

प्रवर्गाचं काय

अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना आरक्षण आहे, एकूण जागांपैकी निदान एक तृतीयांश मुलींसाठी. पण ओबीसी म्हणजे केंद्राच्या यादीतली ओबीसी. राज्याच्या यादीत आपली जात आहे म्हणजे केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, नाव शोधून खात्री करा. एसईबीसीचं, म्हणजे राज्याने मराठ्यांना दिलेल्या आरक्षणाचं, सर्टिफिकेट हे राज्यापुरतं, इथे त्याचा उपयोग नाही. मराठा घरात कुणबी नोंद सापडून दाखला मिळाला असेल तर गोष्ट वेगळी.

निवड झाल्यावर ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात मागतात, त्यासाठी आधी मूळ जातीचा दाखला लागतो, तो प्रांत ऑफिसमधून, आणि तिथे पुरावा लागतो 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950. म्हणजे आजोबांच्या शाळेचा उतारा. आजोबा ज्या शाळेत पहिलीला होते तिथलं जुनं रजिस्टर, पानं पिवळी पडून तुकडे होतायत, वाळवीने कडा खाल्लेल्या, त्यात तो एक शेरा आणि जात शोधायची. मिळालं तर ठीक, नाहीतर तहसीलला गाव नमुना 14 चा जन्म-मृत्यूचा उतारा. याला महिने जातात, म्हणून निकालाची वाट न बघता सुरुवात करा. निवड झाली नाही तरी तो दाखला पुढे दहावी-बारावीनंतर लागतोच, फुकट काही जात नाही.

परीक्षा

दोन तास, 80 प्रश्न, 100 मार्क. त्यात 40 प्रश्न बुद्धिमत्तेचे, 50 मार्कांना, सगळे आकृत्यांचे. 20 प्रश्न गणित आणि 20 भाषा, प्रत्येकी 25 मार्क. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा सोडू नका असं पोरांना बजावून सांगा. उत्तरं ओएमआर शीटवर, काळ्या किंवा निळ्या बॉलपेनने, पेन्सिल नाही. आपली मुलं पेन्सिल-खोडरबरवर वाढलेली, एक गोल रंगवला की तो मिटवता येत नाही हे त्यांना सराव केल्याशिवाय पचत नाही. शिष्यवृत्तीची तयारी केलेल्या मुलाला प्रश्नांचा प्रकार नवीन वाटत नाही, पण वेळेचं गणित बसवायला जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्या. तिन्ही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागतं, नुसत्या आकृत्यांवर तरून जाता येत नाही. क्लासला हजारो रुपये घालायची गरज मला तरी वाटत नाही, गुरुजी-बाई थांबून शिकवणारे असतील तर तेवढं पुरतं.

प्रवेशपत्र साईटवरूनच उतरवायचं, पोस्टाने येत नाही.

निवड झाली तर

निवड झाली म्हणजे प्रवेश झाला असं नाही, कागद तपासल्यावर होतो. जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, तिसरी ते पाचवीचं ग्रामीणचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला असेल तर तो, दिव्यांग असेल तर त्याचं प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. फॉर्ममध्ये ग्रामीण लिहिलं आणि कागदावर शाळा नगरपंचायत हद्दीत निघाली तर इथे येऊन अडतं, म्हणून वर एवढं पाल्हाळ लावलं.

अजून एक हमीपत्र द्यावं लागतं, ते वाचून सही करा. नववीत गेल्यावर काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात, आपली मुलं हिंदी पट्ट्यात आणि तिकडची इकडे. आयांना हे ऐकूनच धस्स होतं, पण तेव्हा नाही म्हणता येत नाही. आणि नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिन्याला 600 रुपये, मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, सरकारी नोकरदारांच्या मुलांना जास्त.

पहिल्या यादीत नाव नसलं तरी वेटिंग असतं. काही जणांचे कागद अडतात, काही जण जात नाहीत, आणि मग पुढच्यांना बोलावणं येतं, कधी कधी शाळा सुरू होऊन दिवस गेल्यावर. तेव्हा फॉर्ममध्ये दिलेला मोबाईल नंबर रिचार्ज करून चालू ठेवा.