गुणवत्ता सुधारणेतील वर्तनबदल आणि प्रणालीविचार

योग्य काय ते सर्वांना माहीत असूनही ते रोजच्या कामात का उतरत नाही, याचा शोध घेऊन ते सहज घडेल अशी व्यवस्था उभारण्याच्या पद्धतीत वर्तनबदल आणि प्रणालीविचार हे दोन दृष्टिकोन एकत्र येतात. वर्तनबदलाचा अभ्यास काम करणाऱ्या माणसापासून सुरू होतो, तर प्रणालीविचार त्या माणसाभोवतालची साधने, वेळ, मनुष्यबळ, अधिकार आणि विभागांमधील परस्परावलंबन पाहतो. आरोग्यसेवेत या पद्धतीचा वापर विशेष झाला आहे.

सुसान मिची, मार्त्ये व्हान स्ट्रॅलेन आणि रॉबर्ट वेस्ट या संशोधकांनी २०११ मध्ये मांडलेल्या चौकटीनुसार कोणतीही कृती घडण्यास क्षमता, संधी आणि प्रेरणा या तिन्ही गोष्टी लागतात. सुधारणेचे बहुतेक उपक्रम प्रशिक्षण आणि सूचनाफलक यांवरच थांबतात, म्हणजे क्षमता आणि प्रेरणा यांचाच विचार करतात. संधी, म्हणजे ती कृती शक्य करणारी भोवतालची परिस्थिती, मात्र व्यवस्थेच्या हाती असते आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.

हातांच्या स्वच्छतेचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. डॉक्टर इग्नाझ झेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नातील प्रसूतिगृहात क्लोरिनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली, तेव्हा मातामृत्यू झपाट्याने घटले; तरीही दीड शतकानंतर ही सवय रुग्णालयांत पुरती रुजलेली नव्हती. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरीक्षण केले असता आवश्यक त्या प्रसंगांपैकी निम्म्याहून कमी प्रसंगी हात स्वच्छ केले जात असल्याचे आणि कामाचा ताण वाढला की हे प्रमाण आणखी घसरत असल्याचे आढळले. अतिदक्षता विभागात परिचारिकेला तासाला सुमारे वीस वेळा हात स्वच्छ करावे लागतात, आणि दर वेळी बेसिनपर्यंत जाऊन साबणाने हात धुण्यास एक मिनिट धरले, तरी तासातील वीस मिनिटे त्यातच जातात. अशा स्थितीत दोष तिच्या निष्काळजीपणाला देणे अन्यायाचे आहे.

म्हणून तेथे अल्कोहोलयुक्त द्रावण रुग्णाच्या खाटेपाशीच ठेवण्यात आले, ज्याने हात चोळण्यास वीस ते तीस सेकंद पुरतात. त्यासोबत कर्मचाऱ्यांच्याच सहभागातून तयार केलेली भित्तिपत्रके लावली गेली, निरीक्षणाचे आकडे त्यांना वेळोवेळी कळवले गेले आणि व्यवस्थापनाने या कामाला उघड पाठबळ दिले. आवश्यक त्या प्रसंगी हात स्वच्छ करण्याचे प्रमाण १९९४ मधील ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेले, आणि रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गांचे प्रमाणही या काळात घटले. साबणाने हात धुण्याचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहिले. वाढ झाली ती द्रावणाच्या वापरात. शिवाय सुधारणा परिचारिका आणि त्यांच्या साहाय्यकांमध्ये दिसली, डॉक्टरांमध्ये ती फारशी झाली नाही. एकच साधन एकाच छताखालच्या सर्व गटांवर सारखे काम करत नाही, हा या प्रयोगातील तितकाच मोलाचा निष्कर्ष म्हणावा लागेल.

उलट बाजूचा अनुभव उत्तर प्रदेशातून आला. तेथील १२० आरोग्यकेंद्रांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत निम्म्या केंद्रांना सुरक्षित प्रसूतीची तपासणी-यादी आणि तिच्या वापरासाठी प्रत्यक्ष कामाच्या जागी नियमित मार्गदर्शन देण्यात आले. दोन महिन्यांनंतर अशा केंद्रांत आवश्यक कृतींपैकी ७३ टक्के पार पडत होत्या, तर इतर केंद्रांत ४२ टक्के. वर्तन निश्चितच बदलले होते. तरीही मातामृत्यू, मातांमधील गंभीर गुंतागुंत, मृतजन्म आणि नवजात बाळांचे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच, १५ टक्क्यांच्या आसपास राहिले. प्रसूती करणाऱ्या कर्मचाऱ्याने धोक्याचे लक्षण वेळेवर ओळखले, तरी पुढच्या रुग्णालयात पोहोचवणारे वाहन, तेथे रक्त, शस्त्रक्रिया आणि नवजात बाळावर उपचार करणारे कुशल हात नसतील, तर तपासणी-यादीचे काम त्या लक्षणापाशीच संपते. नियमित मार्गदर्शन थांबल्यावर, बारा महिन्यांच्या पाहणीत ७३ टक्क्यांचे प्रमाणही ६२ टक्क्यांपर्यंत उतरलेले आढळले.