बाह्यकोनाची दोन प्रमेये
त्रिकोणाचा बाह्यकोन त्याच्या दोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो आणि तिन्ही आंतरकोनांची बेरीज १८० अंश असते, ही दोन विधाने आज एकाच धड्यात, बहुधा एकाच पानावर शिकवली जातात. ग्रीक भूमितीत मात्र बाह्यकोनाविषयी दोन वेगळी प्रमेये होती आणि त्यांच्यामध्ये भूमितीतले सर्वांत वादग्रस्त गृहीतक उभे होते.

आंतरकोनांच्या बेरजेची सिद्धता युक्लिडच्या आधीची आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील भाष्यकार प्रोक्लस, अॅरिस्टॉटलचा शिष्य युडेमस याच्या आधारे, तिचे श्रेय पायथागोरसच्या अनुयायांना देतो. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून व्युत्क्रम कोनांची जुळणी करणारी ती सिद्धता जवळजवळ तशीच आजही फळ्यावर लिहिली जाते. फक्त ग्रीक भूमितिकार अंशांत न बोलता ‘दोन काटकोन’ म्हणत.

इसवी सनपूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने ‘एलिमेंट्स’ या आपल्या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात लावलेला क्रम मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. सोळाव्या प्रमेयात तो एवढेच म्हणतो, की बाह्यकोन प्रत्येक दूरस्थ आंतरकोनापेक्षा मोठा असतो. त्रिकोण अबक मधील बक ही बाजू ड पर्यंत वाढवायची, अक चा मध्य म घ्यायचा आणि बम तितकीच पुढे न पर्यंत न्यायची. मग अबम आणि कनम हे त्रिकोण एकरूप होतात, म्हणून कोन मकन हा कोन अ इतका असतो आणि तो अकड या बाह्यकोनाच्या आत सामावतो. यात समांतर रेषांचा उल्लेखही नाही. उलट दोन रेषा समांतर केव्हा असतात हे सांगणारे सत्ताविसावे प्रमेय याच विधानावर उभे आहे. दोन रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या एका बाजूचे आंतरकोन मिळून दोन काटकोनांहून कमी असतील, तर त्या रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला मिळतात, हे ते वादग्रस्त पाचवे गृहीतक. त्याचा प्रथम वापर एकोणतिसाव्या प्रमेयात होतो आणि बत्तिसाव्यात ‘मोठा’च्या जागी ‘बेरजेइतका’ येते. तेथे क मधून अब ला समांतर रेषा काढल्यावर बाह्यकोनाचे दोन भाग पडतात, एक व्युत्क्रम कोन म्हणून अ इतका, दुसरा संगत कोन म्हणून ब इतका. बाह्यकोन आधी सिद्ध होतो आणि आंतरकोनांची बेरीज त्यातून निघते.

पाचवे गृहीतक इतरांवरून सिद्ध करण्याचे प्रयत्न शतकानुशतके झाले. इटालियन गणिती साकेरीने १७३३ मध्ये ते खोटे मानून विसंगती शोधली, पण खरी विसंगती त्याला मिळाली नाही. रशियन गणिती लोबाचेव्हस्कीने १८२९ मध्ये आणि हंगेरियन गणिती बोयाईने १८३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमितीत आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी भरते आणि बाह्यकोन दूरस्थ कोनांच्या बेरजेपेक्षा मोठा असतो. सोळावे प्रमेय तेथे अबाधित राहते.

गोलावर मात्र तेही ढासळते. उत्तर ध्रुव आणि विषुववृत्तावरील एकमेकांपासून ९० अंश दूर असलेले दोन बिंदू घेतले, तर तिन्ही आंतरकोन काटकोन होतात. बाह्यकोनही काटकोनच, म्हणजे दूरस्थ कोनाइतकाच, मोठा नव्हे. युक्लिडची रचना येथे करून पाहिली तर बम दुप्पट केल्यावर न हा बिंदू ब च्या थेट विरुद्ध टोकाला, म्हणजे वाढवलेल्या बाजूवरच, पडतो. न नेहमी बाह्यकोनाच्या आतच पडणार हे युक्लिडने आकृतीवरून धरून चालले होते. त्याच्या कोणत्याही गृहीतकात तसे म्हटलेले नाही.