विरारच्या मुलाला ८४ दिवस, बॉस्टनच्या मुलाला २८

मे २०२१ संपता संपता मुंबई महापालिकेनं कस्तुरबा, कूपर आणि राजावाडी रुग्णालयांत परदेशी शिकायला निघालेल्या मुलांसाठी कोरोनाचं थेट लसीकरण सुरू केलं. प्रवेशाचं पत्र आणि व्हिसाचे कागद दाखवायचे, बाही वर करायची. पाठोपाठ जूनमध्ये केंद्र सरकारनं या मुलांना आणखी एक सवलत दिली. कोविशील्डचा दुसरा डोस त्यांना २८ दिवसांनी घेता येईल. तीच लस घेतलेल्या बाकी सगळ्यांना मात्र ८४ दिवस थांबायचं होतं.

बॉस्टनला जाणाऱ्याबद्दल असूया नाही. त्याचं विमान ठरलेलं होतं. पण विरारहून चर्चगेटला कॉलेजात जाणाऱ्याचं काय? १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलचे दरवाजे सर्वसामान्यांना उघडले ते दोन डोस होऊन १४ दिवस झालेल्यांसाठी, आणि तेही महिन्याच्या पासावर. २० ऑक्टोबरला कॉलेजं उघडली, तिथंही दोन डोसांचीच अट. आता हिशेब मांडून बघा. १८ ते ४४ वयोगटाला राज्यातल्या सरकारी केंद्रांवर मे महिन्यात थांबलेली लस पुन्हा मिळू लागली जूनच्या उत्तरार्धात. समजा एखाद्या मुलीला १० जुलैला पहिला डोस मिळाला. दुसरा २ ऑक्टोबरला, पास १६ ऑक्टोबरला. ज्यांच्या घरी खासगी रुग्णालयात डोसामागे ७८० रुपये देण्याची ऐपत होती त्यांना सरकारी केंद्राची वाट बघावी लागली नाही. आणि प्रथम वर्षाला असलेल्या सतरा वर्षांच्या मुलांना तर जानेवारी २०२२ पर्यंत लसच उपलब्ध नव्हती.

हे ८४ दिवस, म्हणजे बारा आठवडे, आले कुठून? कोविशील्डमध्ये चिंपांझीचा एक निरुपद्रवी केलेला अ‍ॅडेनोव्हायरस असतो. तो कोरोनाच्या काटेरी प्रथिनाचं जनुक आपल्या पेशींपर्यंत नेऊन पोचवतो. पेशी ते प्रथिन बनवतात आणि काखेतल्या लसिकाग्रंथींमध्ये खरं काम सुरू होतं. तिथल्या बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडं (विषाणूला चिकटून अडवणारी प्रथिनं) बनवणाऱ्या पेशी, भराभर विभागतात, विभागताना त्यांच्या प्रतिपिंडाच्या जनुकांत मुद्दाम चुका होत राहतात, आणि ज्या पेशीचं प्रतिपिंड त्या प्रथिनाला अधिक घट्ट चिकटतं तीच पुढं टिकते. उत्क्रांतीच म्हणायची, पण वाटाण्याएवढ्या गाठीत आणि काही आठवड्यांत उरकलेली. ही चाळणी पुरती होण्याआधी दुसरा डोस टोचला, तर अर्धवट तयारीच्या पेशींनाच तो सापडतो. शिवाय वाहक विषाणूविरुद्धही शरीरात प्रतिपिंडं तयार झालेली असतात, आणि ती माल पोचण्याआधीच वाहकाला अडवू शकतात. ऑक्सफर्डच्या चाचण्यांत ते आकड्यांत दिसलं. दोन डोसांत सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतर असताना परिणामकारकता सुमारे ५५ टक्के, बारा आठवडे किंवा अधिक असताना सुमारे ८१ टक्के.

म्हणजे १३ मे २०२१ ला सरकारनं अंतर १२ ते १६ आठवडे केलं त्याला विज्ञानाचा आधार होता. पण त्या चाचण्या डेल्टा हा कोरोनाचा नवा प्रकार येण्याआधीच्या. डेल्टाचा आजार रोखण्यात या लशीचा एकच डोस जेमतेम ३० टक्के उपयोगी पडतो आणि दोन झाले की ६७ टक्के, असं ब्रिटनच्या आकडेवारीतून त्याच उन्हाळ्यात पुढं आलं. ब्रिटननं अनेकांसाठी अंतर बारावरून आठ आठवड्यांवर आणलं. आपल्याकडं लशींचा तुटवडा होता. अंतर वाढवलं की तेवढ्याच कुप्यांत जास्त लोकांना पहिला डोस देता येतो. हेही सार्वजनिक आरोग्याचं रास्त गणित आहे, फक्त ते तसं स्पष्ट सांगायला हवं होतं. केरळ उच्च न्यायालयाच्या एकल पीठानं सप्टेंबर २०२१ मध्ये नेमकं हेच पकडलं: परदेशी जाणाऱ्याला लवकर डोस चालतो, तर पैसे भरून लस घेणाऱ्या इथल्या माणसाला का नाही? खंडपीठानं पुढं तो निकाल फिरवला.

या अवधीत विद्यापीठ फोनमध्ये होतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत शहरी भागातल्या ४२ टक्के घरांत इंटरनेट होतं आणि संगणक २३ टक्के घरांत. म्हणजे शहरातसुद्धा बहुतेकांचा वर्ग पाच-सहा इंची पडद्यावर भरला. दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जवर व्हिडिओ लेक्चर तासाला अर्धा ते एक जीबी खातं. दुसऱ्या तासाला कॅमेरे बंद होत, ते आळसापायी नव्हे. आणि कॅमेरा चालू असला तरी संवाद जमत नसे. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भागच लागतो. नेटवर्कच्या विलंबानं ती लय मोडते. ‘कळलं का?’ विचारल्यावर दीड सेकंद शांतता, मग तिघं एकदम ‘हो सर’, मग पुन्हा शांतता. हे घडलं नाही असा वर्ग शोधून दाखवा.

रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलचं तर बोलूच नये. ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या मोजनळीतून, आम्लात अल्कलीचा थेंब पडतो, फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा गुलाबी ढग उठतो आणि शंकुपात्र हलवलं की विरतो. ढग विरायला वेळ लागू लागला की तोटी आवळायची, अर्धा अर्धा थेंब काचेवरून आत धुवायचा, आणि फिकट गुलाबी टिकला की थांबायचं. पुढचा एक थेंब आणि सगळं गडद, पुन्हा पहिल्यापासून. हा अंदाज बोटांत उतरतो. व्हिडिओत शेवटचं वाचन आयतं दिसतं, जर्नल भरतं.

तर या नुकसानीच्या बदल्यात आरोग्याचं किती रक्षण झालं? महापालिकेच्या पाचव्या सेरो सर्वेक्षणात (ऑगस्ट-सप्टेंबर २०२१) ८६.६४ टक्के मुंबईकरांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. लस न घेतलेल्यांतही जवळपास ८० टक्के. संसर्गानं त्यांना गाठून झालं होतं. प्रतिपिंडं आहेत म्हणजे माणूस सुरक्षित, असं म्हणता येत नाही, आणि फलाटावर रक्त तपासत बसता येत नाही हेही खरं. प्रमाणपत्र तपासणं सोपं. पण गंभीर आजार टाळण्यात लस चांगली असली, तरी डेल्टाचा फैलाव ती पूर्ण थांबवत नव्हती. लसीकरणाचं अंतर ठरवणारा आकडा गाडीत कोण चढणार हे ठरवू लागला, आणि त्या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध माझ्या मते फारच पातळ होता.

सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ ला राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, आधार घेत म्हटलं, लशीची सक्ती कुणावर करता येणार नाही. लस न घेतलेल्यांवर निर्बंध घालता येतात, पण ते प्रमाणात हवेत, आणि त्या घडीला तसे ते नव्हते. त्याआधी फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयानं लोकलबंदीचे आदेश ज्या पद्धतीनं निघाले तिच्यावरच बोट ठेवलं होतं. तोवर विरारच्या मुलांचं ते सत्र संपून गेलं होतं.

मार्च २०२० मध्ये राज्यानं लागू केलेला साथरोग कायदा १८९७ चा, याच शहरातल्या प्लेगच्या धास्तीनं घाईत केलेला. मोजून चार कलमांचा. चौथं कलम या कायद्याखाली सद्हेतूनं काम करणाऱ्या अधिकाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देतं. २०२० च्या दुरुस्तीनं त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी कडक शिक्षा आली, आणि ती यायलाच हवी होती. निर्बंध किती काळ चालावेत, त्यांचा फेरविचार कुणी करायचा, यावर मात्र त्या कायद्यात अजूनही एक ओळ नाही.