रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस

आधी जुलाब किंवा लघवीच्या मार्गाचं इन्फेक्शन, ते बरं झालं असं वाटतं आणि मग साधारण एक ते चार आठवड्यांनी गुडघा, घोटा नाहीतर टाच सुजते, तो हा आजार. काहींचे डोळे लाल होतात, लघवीला जळजळ होते, पण तिन्ही एकत्र दिसायलाच हवं असं नाही.

पहिलं वर्णन कोणाचं यावर बराच वाद आहे. जुन्या पुस्तकांत श्रेय हान्स रायटर या जर्मन डॉक्टरला, त्याने १९१६ मध्ये हगवणीनंतर सांधे धरलेल्या एका सैनिकी अधिकाऱ्याची केस लिहिली, पण कारण स्पायरोकीट जंतू सांगितलं आणि ते चुकलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये फिसांजे आणि लरवा यांनीही हेच लिहिलं, आणि इंग्लंडच्या ब्रॉडीने तर १८१८ च्या सुमारासच अशा केसेस नोंदवल्या होत्या, म्हणून श्रेय ब्रॉडीकडे जायला हवं हे जास्त पटतं. तरी १९४२ मध्ये अमेरिकेत बाऊअर आणि एंगलमन यांनी रायटरचंच नाव रूढ केलं. पुढे नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतल्या टायफस लसीच्या प्रयोगांशी रायटरचा संबंध उघड झाला, आणि २००७ मध्ये खुद्द एंगलमन यांनी सहकाऱ्यांसोबत त्या नावाची सूचना मागे घेतली, हे फार बरं झालं. सध्याचं नाव १९६९ मध्ये फिनलंडच्या आहवोनेन वगैरेंनी यर्सिनिया या जुलाबाच्या जंतूच्या रुग्णांवरून दिलं.

शिगेला, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, यर्सिनिया हे जुलाबाचे आणि क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून पसरणारा, असे हे नेहमीचे जंतू. सांध्यातल्या पाण्याचं कल्चर केलं, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघितले, तर काही वाढत नाही, म्हणून पूर्वी सांध्यात जंतू नसतोच असं मानायचे, पण १९८० च्या दशकापासून यर्सिनियाचे अंश आणि नंतर क्लॅमिडियाचा डीएनएसुद्धा सापडला, त्यामुळे जंतू आणि प्रतिकारशक्ती यांत नक्की दोष कोणाचा हे अजून पूर्ण सुटलेलं नाही. एचएलए-बी२७ हा जीन असला तर धोका वाढतो आणि आजार रेंगाळतो, मात्र तो नसलेल्यांनाही हा आजार होतो, त्यामुळे टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निदान बाद करू नये.

बहुतेकांना वर्षभरात आराम पडतो, काहींना मात्र कंबरदुखी मागे लागते. सूज उतरायला वेदनाशामक गोळ्या, गरज पडली तर सांध्यात स्टेरॉइड, हट्टी केसमध्ये सल्फासॅलाझिन हे औषध. क्लॅमिडिया सापडला तर रुग्ण आणि जोडीदार दोघांनाही ॲन्टिबायोटिक देतात, जुलाबानंतरच्या सांधेदुखीत त्याचा फायदा दिसलेला नाही. एकच सांधा गरम, लाल आणि सोबत ताप असेल तर आधी सांध्यात पू नाही ना हे पाणी काढून बघतात. चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी विषाणूमुळे, ती सहसा यात धरत नाहीत.