नंबर 4 (टी): जुन्या स्नायपर रायफलीचा अस्सलपणा कशावरून ठरतो

ली-एन्फिल्ड नंबर 4 मार्क 1 (टी) ही दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश स्नायपर रायफल विक्रीला आली की पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मॅचिंग आहे का?’ म्हणजे रायफल आणि दुर्बीण यांचे क्रमांक एकमेकांशी जुळतात का. ही थ्री-नॉट-थ्री बोअरची, म्हणजे .303 इंच व्यासाच्या नळीची रायफल आहे, आणि थ्री-नॉट-थ्री काय असते हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. आपल्याकडे ती वर्षानुवर्षे पोलिसांच्या खांद्यावर दिसली आहे. खासगी व्यक्तीला मात्र भारतात हे बोअर निषिद्ध आहे, त्यामुळे या रायफलीचा खरा बाजार ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिका येथे आहे. तिथे ‘मॅचिंग’ या एका शब्दाने किंमत बरीच वरखाली होते, आणि तो वापरला जातो तितका साधा मुळीच नाही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हाताला लागतील त्या दुर्बिणी रायफलींवर बसवल्या, आणि 1918 मध्ये पॅटर्न 1914 रायफलीची एक प्रमाणित स्नायपर आवृत्ती तयार झाली. पुढची वीस वर्षे हा विषय मागे पडला. 1940 मध्ये डंकर्कहून माघार घेतल्यावर शस्त्रांची चणचण भासू लागली, तेव्हा 1931 ते 1933 या काळात चाचणीसाठी बनवलेल्या नंबर 4 रायफली बाहेर काढून त्यांवर दुर्बिणी चढवण्यात आल्या. तिप्पट वर्धन करणारी ही नंबर 32 दुर्बीण मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली होती.

मोठ्या प्रमाणावरचे काम सप्टेंबर 1942 पासून लंडनमधील शिकारी बंदुका घडवणाऱ्या एका जुन्या कंपनीकडे गेले, आणि तिने युद्ध संपेपर्यंत वीस हजारांहून अधिक रायफली तयार केल्या. कारखान्यातील नेमबाजीच्या चाचणीत ज्यांचे फटके सर्वांत जवळजवळ पडत अशा रायफली निवडून तिथे पाठवल्या जात. त्यांत बर्मिंगहॅमजवळच्या शर्ली कारखान्यातील सर्वाधिक होत्या. कॅनडातील लाँग ब्रँच कारखान्याने स्वतंत्रपणे बनवलेल्या स्नायपर रायफली मात्र दीड हजाराच्या आसपासच आहेत. कारागीर रिसीव्हरच्या (नळीमागच्या, बोल्ट धरणाऱ्या धातूच्या भागाच्या) डाव्या अंगाला पोलादाचे दोन पॅड बसवत, त्यांचे स्क्रू ठोकून पक्के करत, दस्त्यावर गालासाठी लाकडी ठोकळा लावत आणि नेम धरण्याच्या मागच्या साइटचे जवळच्या पल्ल्याचे भोक घासून काढत, कारण ते दुर्बिणीच्या आड येई. दस्त्याच्या खालच्या अंगाला त्या कंपनीचा ‘एस 51’ हा संकेत आणि रिसीव्हरच्या डाव्या अंगाला ‘टी’ हे अक्षर उमटवले जाई.

क्रमांकांचा प्रश्न इथूनच सुरू होतो. दुर्बीण ज्या ब्रॅकेटवर बसते, ते त्याच रायफलीच्या पॅडवर हाताने घासून बेतलेले असे आणि दुर्बीण व नळी यांची रेषा त्या जोडीपुरती जुळवलेली असे. तेच ब्रॅकेट दुसऱ्या रायफलीवर चढवले तर ते बसेलही, पण नेम भलतीकडे जाण्याची शक्यता राहते. म्हणून रायफलीचा क्रमांक ब्रॅकेटवर ठोकला जाई, आणि दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मुठीपाशी, वरच्या अंगाला, लाकडात उमटवला जाई. शस्त्रागारात दहा रायफली आणि दहा दुर्बिणी एका फळीवर आल्या तरी कोणती कोणाची हे त्यावरून कळावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. संग्राहकाला पुढे त्यावरून सचोटीचा दाखला मिळावा, असे त्या शिक्के मारणाऱ्याच्या मनातही नसेल.

युद्धात दुर्बिणी फुटत, त्यांच्यात दमट हवा शिरे, आणि दुरुस्ती विभाग दुसरी दुर्बीण बसवून देई. अशा वेळी लाकडावरचा जुना क्रमांक आडवी रेघ मारून खोडला जाई आणि त्याच्याजवळ नवा ठोकला जाई. काही दस्त्यांवर दोन खोडलेले आणि एक शाबूत असे तीन क्रमांक दिसतात. 1943 मध्ये मार्क 2 आणि 1944 मध्ये मार्क 3 ही दुर्बिणीची सुधारित आवृत्ती आली, आणि जुन्या मार्क 1 दुर्बिणी सुधारून त्यांच्या नळकांड्यावरचा मार्कही बदलला गेला. म्हणजे दुर्बिणीचे नावसुद्धा कायम राहिले नाही. दस्ता तुटून नवा बसवला असेल तर लाकडावरचा सगळा पुरावा त्याच्याबरोबर गेला, आणि मग फक्त धातूवरच्या खुणांवर विसंबावे लागते.

आता अशा रायफलीला ‘मॅचिंग’ म्हणायचे की नाही? एक मत असे आहे की कंपनीतून निघालेली पहिली जोडीच खरी. दुसऱ्या मतानुसार सैन्याने अधिकृतपणे जुळवलेली शेवटची जोडीही तितकीच खरी. प्रस्तुत लेखकाला दुसरे मत पटते, कारण ही रायफल काचेच्या कपाटासाठी नव्हे, सेवेसाठी घडवली होती आणि खोडलेले आकडे त्या सेवेचीच नोंद आहेत. खरी हानी केली ती सैन्याबाहेर आलेल्या मालाच्या विक्रीने. रायफली एकीकडे आणि दुर्बिणी दुसरीकडे विकल्या गेल्या, आणि हजारो जोड्या कायमच्या तुटल्या. पुढे मागणी वाढली तशी काहींनी हाती लागलेल्या दुर्बिणीचा क्रमांक जुन्या लाकडावर ताजा ठोकायला सुरुवात केली. त्यापेक्षा क्रमांक न जुळणारी, पण तसे स्पष्ट सांगून विकलेली रायफल कितीतरी मोलाची आहे. बाजार मात्र बऱ्याचदा उलट भाव देतो, आणि हे चुकीचे आहे.

‘टीआर’ या अक्षरांमुळे वेगळाच घोळ होतो. शर्लीच्या रायफलींवर ती दिसतात आणि निवड झाल्याची खूण मानली जातात. निवड झाली म्हणजे रूपांतर पूर्ण झाले असे नव्हे. ‘टीआर’ आहे पण ‘टी’ नाही, अशी रायफल स्नायपर रायफल म्हणून स्वीकारली गेल्याचा पुरावा देत नाही, तरीही तिला त्याच भावात खपवण्याचे प्रयत्न होतात.

सुमारे 1970 पासून हजाराहून अधिक नंबर 4 (टी) रायफली एन्फिल्डच्या सरकारी शस्त्रकारखान्यातच 7.62 मिमीच्या एल 42 ए 1 या नव्या स्नायपर रायफलीत बदलल्या गेल्या. नळी जड आली, पुढचे लाकूड आखूड झाले आणि मार्क 3 दुर्बिणीवरची जुनी अक्षरे खोडून नवी घातली गेली. त्या 1982 च्या फॉकलंड युद्धात वापरल्या गेल्या. सैन्याच्या दृष्टीने हा निर्णय काटकसरीचा होता, परंतु मूळ रूपातल्या रायफली त्यामुळे तेवढ्या घटल्या.

नकलांचा सुळसुळाट त्यानंतर वाढला. पॅड, ब्रॅकेट आणि दुर्बीण हे तिन्ही भाग नव्याने बनवलेले मिळतात, आणि साध्या नंबर 4 ला भोके पाडून ते चढवता येतात. म्हणून तपासणारा आधी मागची साइट उचलून पाहतो: तिथले जवळच्या पल्ल्याचे भोक घासून काढलेले नसेल, तर दुर्बिणीचा क्रमांक वाचण्याची घाई तो करत नाही.